घरची टर्बो गाडी ट्यून केल्यावरचे १४ महिने: वाढवलेला टॉर्क, मग मुद्दाम उतरवलेला

पहिल्या मॅपवर (इंजिनाच्या संगणकात टाकलेल्या नव्या सेटिंगवर) माझी गाडी ४३५ एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देत होती. आज ती ३८५ देते. हे ५० एनएम मी स्वतःहून सोडले आणि गाडी खरी आवडायला लागली ती त्यानंतरच. स्टेज वन (सुटे भाग न बदलता फक्त मॅप) करावं का, या विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

गाडी अशी आहे: पाच दारं, खोल डिकी, २.० लिटरचं डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, ताकद पुढच्या चाकांना. कंपनीतून आली तेव्हा २२० हॉर्सपॉवर आणि ३५० एनएम. नाव लिहीत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं या घडणीच्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. मागे दोन मुलं बसतात, पुष्कळदा त्यांच्यामध्ये सासूबाई, आणि डिकी क्वचितच रिकामी असते. ६२,००० किमीवर मॅप केला, त्यानंतर आणखी १९,००० किमी झाले.

मॅपच्या आधीचा महिना मी फक्त गाडी निरोगी आहे का हे बघण्यात घालवला, आणि तो सगळ्यात चांगला खर्ची पडलेला वेळ होता. ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) अ‍ॅडॉप्टर लावून लॉग काढले: इसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, प्रत्येक सिलिंडरला इग्निशन (ठिणगीची वेळ) किती मागे ओढलं जातंय, इनटेकमधल्या हवेचं तापमान, फ्युएल रेलचा दाब. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जुळत नव्हता. धूर सोडून तपासल्यावर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या) पाइपची एक क्लॅम्प सैल निघाली. ती तशीच ठेवून मॅप टाकला असता तर गळलेला दाब भरून काढायला टर्बो उगाच जास्त फिरला असता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, त्याला फुकटचं काम देण्यात अर्थ नाही. प्लग नवे घातले आणि गॅप ०.८ मिमीवरून ०.७ वर आणला. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली दाट हवा ठिणगीला अडवते आणि मोठा गॅप असेल तर वरच्या आरपीएमला मिसफायर सुरू होतो.

मग मॅप. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर) २८२ हॉर्सपॉवर, ४३५ एनएम. मॅपच्या आधीही त्याच डायनोवर मोजलं होतं म्हणून या आकड्यांवर माझा विश्वास आहे. दोन वेगळ्या मशीनवरचे आकडे शेजारी ठेवू नका, चाकांवरची ताकद आणि इंजिनची ताकद यांची सरमिसळ तर मुळीच करू नका.

पहिले दोन आठवडे मी हरखून गेले होते. चौथ्या गिअरमध्ये २,२०० आरपीएमला पाय दाबला की गाडी अंगावर आल्यासारखी उसळायची. एकटी असताना हे फार गोड वाटतं. घरची मंडळी बसली की चित्र बदललं. पिकअप इतक्या अचानक यायचा की मागे बसलेल्यांची डोकी प्रत्येक ओव्हरटेकला हलायची. मुलगा म्हणाला, "आई, मान मागे जाते." सासूबाईंना तासाभरात मळमळायला लागलं, आणि त्यांना आधी कधी गाडी लागत नव्हती. पावसात दुसऱ्या गिअरला पुढची चाकं फिरायची, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायचा, स्टिअरिंग हातात ओढ घ्यायचं. तिसऱ्या महिन्यात एका चढावर सहाव्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली तर आरपीएमचा काटा वर गेला आणि वेग तिथेच. क्लच स्लिप मारायला लागला होता.

त्या आठवड्यात मी डायनोचे दोन्ही कागद घेऊन गणित मांडलं. ते इथे देते, कारण ते आधी कळलं असतं तर क्लचचं आयुष्य वाचलं असतं. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि ७,०२३ ने भागायचं, की मेट्रिक हॉर्सपॉवर मिळते. माझ्या गाडीची सर्वाधिक ताकद ५,५०० आरपीएमला होती आणि तिथला टॉर्क ३६० एनएम: ३६० गुणिले ५,५०० भागिले ७,०२३, म्हणजे २८२. यात ४३५ हा आकडा कुठेच येत नाही. तो फक्त २,२०० च्या आसपासचा डोंगर होता, आणि तिथे त्यातून निघत होते जेमतेम १३६ हॉर्सपॉवर. म्हणजे क्लच, पुढचे टायर आणि सासूबाईंचं पोट ज्याच्यामुळे त्रासात होतं, तो डोंगर सपाट केला तरी वरची ताकद जशीच्या तशी राहणार होती.

मोठ्या टॉर्कला कमी आरपीएमवर आणखी एक भीती असते. टॉर्क म्हणजे पिस्टनवरचा दाब. इंजिन हळू फिरताना हा दाब जास्त वेळ टिकतो, कनेक्टिंग रॉडवर सगळ्यात वाईट ताण तिथेच येतो. डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत साधारण २,००० आरपीएमच्या खाली जड भार दिला की एलएसपीआय नावाचा प्रकार होऊ शकतो: ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि तो धक्का पिस्टनची रिंगांमधली कड फोडण्याइतका मोठा असू शकतो. तेलातलं कॅल्शियमयुक्त डिटर्जंट याला हातभार लावतं असं दिसून आल्यावर तेलांची घडण बदलली. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या २०२० मधल्या एसपी दर्जात या गोष्टीची वेगळी चाचणी आहे. मी आता तोच दर्जा आणि गाडीच्या मॅन्युअलमधला मंजुरी क्रमांक, दोन्ही असलेलं तेल वापरते आणि ७,५०० किमीला बदलते. आणि घरात जो कोणी ही गाडी चालवतो त्याला एकच विनंती: सहाव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबू नकोस, एक गिअर खाली घे.

मॅप करून देणाऱ्या ट्यूनरकडे परत गेले आणि सांगितलं, २,८०० पासून ५,००० पर्यंत ३८५ एनएम सपाट हवेत, तिथवर टॉर्क हळूहळू चढू दे, आणि पहिल्या दोन गिअरमध्ये आणखी कमी ठेव. त्याने आधी विचारलं, खरंच कमी करायचंय? मग मन लावून केलं. डायनोवर पुन्हा २८२ हॉर्सपॉवरच आली. रस्त्यावर ही गाडी मोठ्या इंजिनासारखी वाटते: पाय जितका, तितकंच उत्तर. क्लच त्या दिवसापासून एकदाही घसरलेला नाही.

टर्बो घरच्या गाडीत कसा असावा याचा हा विचार जुना आहे. साबने १९७७ मध्ये फ्रँकफर्टला ९९ टर्बो दाखवली तेव्हा त्यांनी टर्बो मुद्दाम लहान ठेवला होता, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) लावून. रोजच्या आरपीएमला ओढ मिळावी म्हणून. पुढे त्याच कंपनीने नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटणं) ओळखून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली. आणि लांब डिकीच्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारखीला १९९४ ची ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा विसरता येत नाही: व्होल्व्होने ८५० ची चक्क इस्टेट शर्यतीत उतरवली होती, रिकार्ड रायडेल आणि यान लामर्स यांच्या हाती. त्या शर्यतीच्या गाडीला टर्बो नव्हता, पण ते फोटो बघून आजही मन भरतं.

मॅपनंतर ज्या एका सुट्या भागाने खरा फरक पाडला तो इंटरकूलर. बाहेर ३२ अंश असताना मूळ इंटरकूलरवर लागोपाठ तीन वेळा जोर लावला की इनटेकची हवा ६८ अंशांवर जायची आणि इसीयू इग्निशन मागे ओढायचा. मोठा इंटरकूलर घातल्यावर त्याच रस्त्यावर, तशाच हवेत ४४ अंश. केवळ घनतेचा हिशेब केला तरी तेवढ्याच दाबाला सुमारे साडेसात टक्के जास्त हवा. पण त्याहून मोठा फायदा नॉकचा: गार हवेत नॉक कमी, त्यामुळे इग्निशन जागच्या जागी राहतं आणि तिसरा ओव्हरटेक पहिल्यासारखाच होतो. सामान भरून, एसी लावून, चढाच्या रस्त्यावर हे फार जाणवतं. बूस्ट यायला किंचित वेळ लागतो, पण सपाट मॅपमध्ये तो कळतही नाही. पेट्रोल मात्र ९८ ऑक्टेनचंच, म्हणजे नॉकला जास्त विरोध करणारं, घालावं लागतं. एकदा नाइलाजाने ९५ घातलं तर लॉगमध्ये चारही सिलिंडरचं इग्निशन मागे गेलेलं दिसलं. इंजिन स्वतःला सांभाळतं हे खरं, पण मॅप ९८ साठी असेल तर ९५ वर जोर लावायचाच नाही, हा नियम मी कडक पाळते.

आता ब्रेक. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं, आणि इथे चूक माझी होती. चौथ्या महिन्यात भरलेल्या गाडीने लांब घाट उतरताना पेडल मऊ झालं. सगळे आत होते. दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर गाडी हळू केली आणि थांबवली. हात बराच वेळ थरथरत होते. ब्रेक फ्लुइड तीन वर्षं जुनं होतं. हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं: डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. त्यात ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; १०० ऐवजी १२० वरून थांबायचं असेल तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. तेव्हापासून डॉट ५.१, दर वर्षी नवं, आणि जास्त तापमान सोसणारे पॅड. डिस्क मूळच्याच आहेत आणि पुरतात. ताकद वाढवण्याच्या आधी फ्लुइड बदला. हे वाक्य मी या लेखात सगळ्यात कळकळीने लिहितेय.

टायरमध्ये मी उलटी वाट धरली. २२५/४० आर १८ काढून हलक्या रिमवर २२५/४५ आर १७. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक नाही, पण रबराची भिंत उंच झाली आणि चाक हलकं. खड्ड्यांवर गाडी शांत झाली, पावसात पकड सुधारली. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९४ चा घेतला. पाच माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत तो आकडा रंगापेक्षा महत्त्वाचा आहे. १७ चं रिम ब्रेक कॅलिपरवरून निघतं का, हे आधी लावून बघा. मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) थोडा जाड घातला. वळणावर गाडीचं नाक बाहेर जायचं ते कमी झालं आणि आराम तसाच राहिला.

तीन गोष्टी लावून काढल्या. उघडा एअर फिल्टर आवाज छान करायचा, पण बॉनेटखालची गरम हवा ओढायचा. लॉगने एका दिवसात निकाल दिला, मूळ डबा परत. मोकळा सायलेन्सर २,३०० आरपीएमला, म्हणजे नेमका हायवेच्या वेगाला, घुमायचा आणि मागची मुलं झोपेनाशी झाली. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला मी हातही लावला नाही. पुष्कळ ठिकाणी तो काढणं बेकायदा आहे, आणि त्याच्यामागचा धूर माझ्या मुलांच्याच नाकात जाणार. लोअरिंग स्प्रिंग रिकाम्या गाडीत सुंदर वाटल्या, भरल्यावर मागचं सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळायला लागलं.

मायलेजबद्दल सगळे विचारतात. शांत चालवलं तर पूर्वीइतकंच, कारण हलक्या पायाने इसीयू मिश्रण १४.७ ला १ याच प्रमाणात ठेवतो, मॅप असो वा नसो. जोरात चालवलं की पडतं, आणि मूळ मॅपपेक्षा जास्त पडतं. विमा कंपनीला मी बदल लेखी कळवले आणि हप्ता थोडा वाढला. गाडी वॉरंटीत असेल तर मॅप काढून टाकला तरी इसीयूत त्याची खूण राहू शकते, हे गृहीत धरूनच निर्णय घ्या.

आता ८१,००० किमी झालेत. डायरेक्ट इंजेक्शनमुळे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि काजळी साचते. थंड सकाळी आयडलला हलकी थरथर जाणवायला लागली आहे, कॅमेरा घालून बघितलं तर दुसऱ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह काळे ठिक्कर. पुढच्या महिन्यात अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ते साफ करून घेणार आहे. आधी आणि नंतर, त्याच डायनोवर, त्याच ९८ च्या पेट्रोलवर मोजेन.