मुख्य प्रशिक्षक की सहायक : निवृत्तीच्या उंबरठ्यावरील रग्बीपटूसाठी

देशाकडून खेळलेला मुंबईचा रग्बीपटू तिशी ओलांडतो आणि सरावानंतर गुडघ्यावर बर्फ ठेवणे रोजचे होऊन बसते, तेव्हा प्रशिक्षणाच्या क्षेत्रात त्याच्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक तर क्लब त्याला वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद थेट देऊ करतो. किंवा एखादा अनुभवी प्रशिक्षक त्याला सहायक म्हणून, केवळ बचावाची अथवा फॉरवर्ड्सची (आघाडीच्या फळीतील खेळाडूंची) जबाबदारी देऊन, हाताखाली घेतो. पहिल्या पदाला मान अधिक असल्याने बहुतेकांचा ओढा तिकडे असतो. माझा कौल मात्र, एक अपवाद सोडल्यास, दुसऱ्या वाटेला आहे.

थेट मुख्य पदावर बसण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मार्टिन जॉन्सनचे. २००३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा हा कर्णधार देशासाठी ८४ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामने खेळला होता. एप्रिल २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक नेमण्यात आले, तेव्हा प्रशिक्षणाचा कसलाही अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. त्याच्या शब्दाला ड्रेसिंग रूममध्ये वजन होते, यात शंका नाही. २०११ मध्ये संघाने सिक्स नेशन्स ही युरोपातील सहा देशांची वार्षिक स्पर्धा जिंकली. परंतु त्याच वर्षीच्या विश्वचषकात उपान्त्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून हार पत्करावी लागली, मैदानाबाहेरच्या बेशिस्तीवरून टीका झाली आणि नोव्हेंबरमध्ये त्याने पद सोडले. ३८ पैकी २१ सामने जिंकणे ही नामुष्की खचितच नव्हे. तरीही त्यानंतर तो प्रशिक्षणाकडे वळला नाही, आणि मला यातील हीच गोष्ट अधिक बोलकी वाटते : पहिलीच नेमणूक शिखरावरची असली की चुका करायला खालची पायरी उरत नाही.

अँडी फॅरेलची वाटचाल याच्या अगदी उलट झाली. रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा जणांच्या प्रकारात, विगन क्लबचा दिग्गज म्हणून गाजलेला हा खेळाडू २००५ मध्ये युनियनमध्ये, म्हणजे पंधरा जणांच्या प्रकारात, आला, पण इंग्लंडसाठी जेमतेम ८ कसोटी खेळला. २००९ मध्ये खेळणे थांबवल्यावर त्याने सॅरसेन्स या इंग्लिश क्लबमध्ये प्रशिक्षणाला सुरुवात केली आणि पुढे इंग्लंडच्या प्रशिक्षकवर्गात सहायक झाला. २०१५ च्या विश्वचषकात यजमान इंग्लंड साखळीतच गारद झाले आणि त्याचेही पद गेले. मात्र लोकांच्या रोषाचा मुख्य भार मुख्य प्रशिक्षकावर पडला, तर फॅरेलला पुढच्याच वर्षी आयर्लंडने जो श्मिटच्या हाताखाली बचावाचे काम दिले. २०१९ च्या विश्वचषकानंतर तो मुख्य प्रशिक्षक झाला. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका, २०२३ मध्ये ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्समधील सर्व सामन्यांत विजय) आणि २०२५ मध्ये लायन्सबरोबर, म्हणजे ब्रिटन व आयर्लंडच्या संयुक्त संघाबरोबर, ऑस्ट्रेलियातील मालिका, हे सारे त्यानंतरचे. सहायकाचे अपयश झाकले जाते, हा या पदाचा फारसा न बोलला जाणारा फायदा आहे.

अपवाद रासी इरास्मसचा. दक्षिण आफ्रिकेसाठी ३६ कसोटी खेळलेला हा गडी खेळ सोडताच चीताज या प्रांतिक संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि स्टेडियमच्या छतावरून रंगीत दिवे दाखवून खेळाडूंना इशारे देऊ लागला. लोक हसले, पण २००५ मध्ये त्या संघाने करी कप ही देशांतर्गत प्रांतिक स्पर्धा जिंकली. असले प्रयोग त्याला करता आले, कारण तो संघ राष्ट्रीय नव्हता. मुख्य पद घ्यायचेच झाले तर ते असे असावे.

मुंबईत या तुलनेला आणखी एक पदर आहे. येथे वरिष्ठ संघातले निम्मे खेळाडू कालपर्यंतचे सोबती असतात, आणि ज्याच्याबरोबर काल वडापाव खाल्ला त्याला आज संघाबाहेर बसवणे हे डावपेच आखण्यापेक्षा कठीण असते. शिवाय ज्याला खेळ अंगवळणी पडला आहे, त्याला तो उलगडून सांगता येतोच असे नाही. पावसाळ्यात आझाद मैदानावर चिखलात चाललेला एक सराव मला आठवतो. बारा वर्षांचा मुलगा टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडताना, डोके खाली घालत होता, जे मानेसाठी धोक्याचे असते. माजी खेळाडूने तीनदा स्वतः टॅकल करून दाखवले. मुलगा कौतुकाने पाहत राहिला आणि चौथ्यांदाही त्याने डोके खालीच घातले. मग सहायकाने त्याला गुडघ्यांवर बसवले, टॅकल बॅग हातभर अंतरावर धरली आणि एवढेच सांगितले, “नजर वर, डोकं बाजूला, आधी खांदा लागू दे.” पाच मिनिटांत काम झाले. हे कसब लहान मुलांबरोबर फार लवकर येते, म्हणून सहायकपदाबरोबर एखादा कुमार गटही मागून घ्यावा.

संधींचा विचार केला तरी पारडे तिकडेच झुकते. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा सहाही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. त्यांत इंग्लंडचा बेन गोलिंग्ज आणि न्यूझीलंडचा डीजे फोर्ब्स यांच्यासारखे सेव्हन्समधील (सात जणांच्या रग्बीतील) नामवंत माजी खेळाडू होते. त्या वर्तुळात शिरायचे तर तूर्त सहायकाचे दारच खुले दिसते. त्यासाठी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे लेव्हल १ आणि लेव्हल २ हे प्रशिक्षण खेळत असतानाच पूर्ण करता येते, आणि ते तसेच करावे.

क्लबचे मुख्य पद तरीही खुणावत असेल, तर होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : संघनिवडीत अंतिम शब्द कोणाचा, आणि किमान दोन हंगाम तरी मिळणार की नाही.