दसऱ्याला घेतलेला लॅपटॉप आणि दुकानाचं खातं : आठ महिन्यांनंतर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते: लॅपटॉप चांगला आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. दुकानातून "सेट करून" मात्र घेणार नाही. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर होऊ शकतं, आणि दुकानदाराशी माझं आता बरं चाललंय.

मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. जुना लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. मग २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी असा लॅपटॉप घेतला. जीएसटी कमी झाला ना, म्हणून किंमत उतरली का ते विचारून पाहिलं. दुकानदार हसला. मोठ्या टीव्हीचा २८ टक्क्यांवरून १८ झाला, लॅपटॉपचा आधीपासूनच १८.

"मॅडम, सगळं सेट करून देतो. घरी जाऊन नुसता चालू करायचा," दुकानातला मुलगा म्हणाला. काउंटरला झेंडूचं तोरण, दुकानात मरणाची गर्दी. मी स्टुलावर बसून चहा प्यायले. त्या पंधरा मिनिटांत त्याने काय काय केलं ते मला जानेवारीत कळलं.

पहिले काही आठवडे नेहमीच्या शंकांचे गेले. ५१२ जीबी घेतला आणि दिसतात ४७६, म्हणजे दुकानदाराने गंडवलं का? नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. मालाचं माप तेच, मापटं वेगळं. अँटिव्हायरसची तीस दिवसांची चाचणी प्रत सोबत आली होती. ती रोज "तुमचा संगणक धोक्यात आहे" म्हणून घाबरवायची. काढून टाकली. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर त्यानंतर आपोआप चालू झालं आणि आठ महिने तेच पुरलंय.

वॉरंटी मात्र लगेच तपासा. लॅपटॉपखालचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर माझी वॉरंटी ऑगस्टमध्येच सुरू झालेली! लॅपटॉप दुकानात पडून होता ते दोन महिने माझ्या खात्यात धरलेले. बिलाचा फोटो पाठवल्यावर चार दिवसांत तारीख दुरुस्त झाली. बिल नीट ठेवलं नसतं तर ते दोन महिने गेलेच होते.

आणखी एक गंमत. चार्जिंगला लावून लॅपटॉपवर मनगट टेकलं की बारीक मुंग्या यायच्या. लॅपटॉपचं अंग धातूचं. मला वाटलं संधिवात सुरू झाला. मग लक्षात आलं, कॉलेजात येत नाहीत, घरीच येतात. घरच्या बोर्डात तीन पिनांची जागा आहे, पण अर्थिंगची वायर आतमध्ये कुठेच जोडलेली नाही, हे वायरमनने उघडून दाखवलं. अडॅप्टरमधून अगदी थोडा प्रवाह झिरपतो, तो अर्थिंगमधून जातो. अर्थिंग नसेल तर मनगटातून. लॅपटॉप बिघडलेला नव्हता, घर बिघडलेलं होतं. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणाऱ्यांचंही हेच होतं.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीच्या सुमाराला माझ्या डेस्कटॉपवर एक लग्नपत्रिका आली. पीडीएफ. नवरा-नवरी दोघंही अनोळखी. मला वाटलं दुकानातल्या मुलाने नमुना म्हणून टाकली असेल. डिलीट केली. मग कुणाचा तरी सातबारा आला. मग बोअरवेलचं कोटेशन. आणि वनड्राइव्हचा (फाइली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची जागा) निरोप, की जागा संपत आली. माझ्या सगळ्या फाइली मिळून दोनशे एमबीसुद्धा नव्हत्या! मुलगा पुण्यात असतो, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तू काहीतरी क्लिक केलं असशील." ही मुलांची एक पद्धत आहे.

जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात सकाळी लॅपटॉप उघडला तर निळा पडदा आणि त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितलेली. पिन नाही, पासवर्ड नाही, ४८ आकडे. रात्री अपडेट लागलं होतं, त्यात बायॉसही (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) बदललं गेलं. बायॉस बदलल्यावर कधी कधी लॅपटॉपमधल्या त्या सुरक्षा-चिपला संशय येतो की कुणीतरी ढवळाढवळ केलीय, आणि ती कुलूप उघडायला नकार देते. कुलूप कधी लावलं होतं? मी लावलंच नव्हतं. हल्लीच्या विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन-इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि ती रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. घर माझं, कुलूप आपोआप लागलं, आणि किल्ली खातं ज्याचं त्याच्याकडे.

मोबाइलवरून माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन पाहिलं. तिथे एकही डिव्हाइस नव्हतं.

मुलाने विचारलं, "आई, दुकानात ईमेल कोणता टाकला?"

"मी कुठे टाकला? त्यानेच टाकला."

फोनवर थोडा वेळ शांतता.

दुकानाने गर्दीच्या दिवसांसाठी एक खातं करून ठेवलं होतं आणि "सेट करून" दिलेले सगळे लॅपटॉप त्या एकाच खात्यावर चालू करून दिले होते. नवा लॅपटॉप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हवर चढवत राहतो. खातं एकच असेल तर सगळ्यांचे डेस्कटॉप एकमेकांत मिसळतात. फुकटची ५ जीबी जागा आम्ही सगळे मिळून वापरत होतो, एकमेकांना न ओळखता. आणि मी त्या अनोळखी घरातली लग्नपत्रिका डिलीट केली होती, तीही सगळीकडूनच. मंगलकार्य पार पडलं असेल अशी आशा आहे.

पण खरा घाम पुढे फुटला. माझी बारावीची प्रश्नपत्रिका डेस्कटॉपवरच होती. म्हणजे बोअरवेलवाल्यापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांच्या पडद्यावर ती असणार. नवी काढली. एका रात्रीत, हाताने, कागदावर.

की मिळाली ती दुपारी. तो मुलगा आता दुकानात नव्हता. दुकानदाराने खातं उघडलं तर तिथे सात लॅपटॉपच्या कीज. माझी कोणती हे कळायला निळ्या पडद्यावरच एक 'की आयडी' लिहिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीशी जुळवायची. हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला त्या दिवशीच कळलं होतं. मी फोनवर अक्षरं वाचत होते, ते यादीत बोट फिरवत होते. चौथी जुळली.

आत शिरल्यावर जे केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला तर पंचाईत होते. आधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. मग वनड्राइव्हचा बॅकअप थांबवला. थांबवल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला आणि पोटात गोळा आला, पण फाइली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात. तिथून परत आणायच्या. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली जाऊन लोकल खात्यावर (फक्त त्या लॅपटॉपपुरतं खातं) आले आणि तिथून माझ्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर. त्यानंतर डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा पूर्ण बंद केलं. डिस्क उलगडायला अर्धा-पाऊण तास गेला, तेवढा वेळ चार्जर लावून ठेवला. मग पुन्हा चालू केलं, म्हणजे नवी की माझ्या खात्यात आली. ती छापली. रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. आणि सर्वांत शेवटी दुकानदाराला त्यांच्या खात्यातून माझा लॅपटॉप काढून टाकायला लावला.

ऑफिस काही परत मिळालं नाही. लॅपटॉपसोबत येणारं वर्ड-एक्सेल ज्या खात्यावर पहिल्यांदा चालू होतं त्याच खात्याला चिकटतं. "चालतंय बघा" म्हणून त्या मुलाने दसऱ्यालाच वर्ड उघडून दाखवलं होतं. दुकानदाराने भरपाई म्हणून माउस दिला. माउस चांगला आहे. मी आता लिबरऑफिस वापरते, ते फुकट आहे आणि प्रश्नपत्रिकेला पुरतं. फक्त स्टाइलमध्ये मराठीचा फाँट आणि इंग्रजीचा फाँट वेगवेगळ्या खणांत असतो. इंग्रजीच्या खणात आकार वाढवत बसलं तर मराठी ढिम्म हलत नाही.

मराठी टायपिंगबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. कुठलंही सॉफ्टवेअर उतरवायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की कीबोर्ड येतो, आणि विंडोजचं बटण व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराची जागा ठरलेला कीबोर्ड) आणि फोनेटिक असे दोन्ही आहेत. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि मराठी उमटतं. पत्र-अर्जाला ठीक आहे. पण ज्याला रोज लिहायचंय त्याने पंधरा दिवस काढून इन्स्क्रिप्ट शिकावा. मी पन्नाशीत शिकले. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बोटांत बसलं की खाली बघावं लागत नाही. 'ळ' शिफ्ट धरून एन. आणि कोकणात राहून ज्याचं अडतं ते म्हणजे दर्या आणि दऱ्या. र, हलन्त, य टाइप केलं तर समुद्र होतो. डोंगरातल्या दऱ्या हव्या असतील तर शिफ्ट धरून जे, म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्ताचा डी, मग य. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी परिपत्रकांत 'दुसर्‍या'चं काहीतरी भलतंच झालेलं असतं. जुन्या फाइली श्री-लिपीसारख्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये असतील तर नव्या लॅपटॉपवर त्या इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतील. फाइल बिघडलेली नसते. तो फाँट टाका किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या.

रुपयाचं चिन्ह इंग्लिश इंडिया कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४.

एक वाद आमच्या घरी महिनाभर चालला. काही अडलं की मुलगा म्हणायचा, "रीस्टार्ट कर." मी म्हणायचे, "अरे, मी रोज रात्री बंद करते!" शेवटी त्याने टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून 'अप टाइम' वाचायला सांगितला. एकोणीस दिवस. रोज बंद करत होते तरी! फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा तसाच डिस्कवर झाकून ठेवला जातो आणि सकाळी तोच उघडतो, कालच्या दुखण्यासकट. 'रीस्टार्ट'मध्ये सगळं नव्याने सुरू होतं. आवाज गेला, वायफायचं चिन्ह नाहीसं झालं, प्रिंटर ओळखेना, अशा माझ्या निम्म्याहून अधिक तक्रारी तेवढ्यानेच गेल्या.

झाकण बंद करून लॅपटॉप सॅकमध्ये टाकायची सवय असेल तर तीही बदला. मार्चमध्ये एसटीने कोल्हापूरला गेले, आंबा घाटात सॅक मांडीवर घेतली तर डबा गरम असावा तशी. आत लॅपटॉप तापलेला, बॅटरी ७८ वरून ३४ वर. हल्लीचे बरेच लॅपटॉप झाकण लावल्यावर झोपत नाहीत, मोबाइलसारखे डुलकी घेतात आणि अधूनमधून उठून नेटवर जाऊन येतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावं ते 'हायबरनेट' (चालू काम डिस्कवर ठेवून बंद होणं) करून ठेवलं. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, सॅक मात्र थंड.

बॅटरीचं म्हणाल तर खोक्यावर दहा तास लिहिलंय. वायफाय आणि मध्यम उजेडावर मला साडेपाच मिळतात. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, ती पहिल्या महिन्यापासून चालू ठेवली. पावसात लाइट जायला लागली की १०० करते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत लिहिलं की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. माझी आठ महिन्यांत तीन टक्के घटलीय.

एक गोष्ट दुरुस्त झाली नाही. विंडोज पहिल्या खात्याच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन वापरकर्त्याचं फोल्डर बनवतं, आणि पुढे खातं बदललं तरी त्या फोल्डरचं नाव बदलत नाही. सगळं पुसून नव्याने विंडोज टाकलं तर बदलेल, पण आता तो उत्साह नाही. म्हणून माझ्या प्रश्नपत्रिका, माझे लेख, नातवाचे फोटो, सगळ्यांच्या पत्त्यात सुरुवातीलाच त्या दुकानाची पाच अक्षरं आहेत. परवा वर्गात प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने ती वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे तर आमच्या गल्लीतल्या दुकानाचं नाव. तुमचं आहे का ते?"