टाकीचं झाकण आणि माझे साडेअठरा हजार

श्रावणात वणीच्या गडावर जाऊन आलो आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकमध्ये गंगापूर रोडला गाडीतला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी एकदम नीट चालत होती. पिकअप कमी नाही, आवाज नाही, अ‍ॅव्हरेजही तेवढंच. तरी दिवा लागल्यावर जीव थाऱ्यावर राहत नाही. द्वारकेजवळच्या एका गॅरेजमध्ये गेले. त्यांनी स्कॅनर लावला आणि म्हणाले, "मॅडम, इव्हॅप सिस्टिम (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) गेलीये. कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह दोन्ही बदलावे लागतील. अशीच चालवली तर कधी पेट घेईल सांगता येत नाही." मागच्या सीटवर माझा मुलगा बसतो. मी लगेच हो म्हटलं. यूपीआयने १८,५०० रुपये दिले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कशाला उगाच" म्हणत साध्या कागदावर आकडा लिहून दिला. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता.

नवव्या दिवशी तो परत लागला.

या वेळी सातपूरला भावाच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, तेव्हा कोड काय आला होता?" मला सांगताच येईना. मला कोणी दाखवलाच नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. त्यांनी स्कॅनर लावून स्क्रीन माझ्याकडे वळवली: पी ०४४२. म्हणजे पेट्रोलच्या वाफेची छोटी गळती, साधारण १ मिलिमीटरच्या भोकाएवढी. मोठी गळती असेल तर पी ०४५५ येतो, अगदी बारीक असेल तर पी ०४५६. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढून जाळतात. आमच्या गाडीचा कॉम्प्युटर ही सगळी वाट बंद करून दाब टिकतो का ते पाहतो. (प्रत्येक गाडीत ही सोय नसते.) दाब टिकला नाही एवढंच त्याला कळतं, झाकण, पाइप, व्हॉल्व्ह की कॅनिस्टर, हे तो सांगत नाही. ते शोधावं लागतं.

त्यांनी धुराचं मशीन लावलं, म्हणजे या वाटेत धूर सोडला. दोनेक मिनिटांत पेट्रोल भरायच्या झाकणाच्या कडेने धुराची बारीक रेघ वर आली. झाकण काढून रबरी रिंग नखाने वाकवली, तर तिला आडवी चीर. नवं झाकण ७५० रुपये.

मग मी म्हटलं, तो नवा कॅनिस्टरही बघून घ्या. गाडी वर उचलली. कॅनिस्टरच्या बोल्टवर वाळलेला चिखल जसाच्या तसा, पाना लागल्याची साधी खूणही नाही. पर्ज व्हॉल्व्हच्या क्लिपवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. त्या दिवशी पहिल्या गॅरेजवाल्यांनी फक्त कोड उडवला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून पुसला होता.

हाच कोड फसवायला किती सोयीचा आहे ते मला मिस्त्रींच्या बोलण्यातून कळलं, आणि म्हणूनच हे सगळं लिहितेय. गाडी नीटच चालत असते, त्यामुळे काम झालं की नाही हे चालवून कळत नाही. कोड उडवला की दिवा लगेच विझतो. कॉम्प्युटरची पुढची तपासणी इंजिन थंड असताना आणि टाकी फार भरलेली वा फार रिकामी नसतानाच होते, आणि सहसा लागोपाठ दोनदा नापास झाल्याशिवाय दिवा लागत नाही. तेवढ्यात आठवडा निघून जातो, पैसेही जातात.

स्कॅनर लावला की कोडचा फोटो काढा. धुराची टेस्ट केल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका, बदललाच तर जुना पार्ट हातात घ्या. गाडी परत घेताना स्कॅनरवर इव्हॅपची तपासणी 'पूर्ण' दिसतेय की 'अपूर्ण' ते पाहा. अपूर्ण असेल तर दिवा विझलाय यावरून काहीच ठरत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र थांबू नका, गाडी उभी करून लगेच दाखवा. आणि दिवा लागल्यावर आधी झाकण काढून त्याची रिंग बघा, मग टिक-टिक आवाज येईपर्यंत घट्ट लावा.

मी त्या गॅरेजमध्ये परत गेले, जुने पार्ट मागितले. "भंगारात गेले" म्हणाले. बोल्टचे फोटो दाखवले तर फोन आल्याचं सांगून आत निघून गेले. यूपीआयची नोंद, तो कागद आणि फोटो असं सगळं घेऊन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. चिरलेलं झाकण पुराव्यासाठी घरी जपून ठेवलंय.