1934 की 1968: अमेरिकेचे दोन बंदूक कायदे

1934 चा कायदा गुंडांच्या टोळ्यांमुळे आला. मशीनगन, आखूड नळीची शॉटगन, सायलेन्सर यांवर 200 डॉलर कर आणि नोंदणी. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी. पिस्तुलं मात्र मसुद्यातून वगळली गेली! मशीनगनवरचा कर आजही 200च.

1968 च्या कायद्याने हत्यारापेक्षा गिऱ्हाइकाकडे पाहिलं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींवर 1963 मध्ये झाडलेली रायफल मारेकरी ऑस्वाल्डने खोट्या नावाने टपालाने मागवली होती, किंमत जेमतेम वीस डॉलर. तरी कायदा व्हायला पाच वर्षं आणि नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग व जॉन यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या लागल्या. टपालविक्री थांबली, गंभीर गुन्ह्यातल्या दोषींना बंदी आली. पण दुकानात 'मी गुन्हेगार नाही' असं गिऱ्हाइकानेच लिहून द्यायचं. केंद्रीय कायद्याने पडताळणी सक्तीची झाली ती 1994 पासून. माझ्या मते 1934 चा कायदा अरुंद, पण पक्का.