अलंकारांची पाठमाला : तिसरा पाठ चुकवू नका

मी कथा लिहिते. माझ्या दर दोन वाक्यांआड 'सारखं' नाहीतर 'जणू' येतं, हे एका मैत्रिणीनं दाखवून दिलं, म्हणून अलंकारांची ही ऑनलाइन पाठमाला घेतली. शाळेतल्या व्याख्याच पुन्हा घोकाव्या लागतील अशी धास्ती होती. तसं झालं नाही.

तिसऱ्या पाठातच पैसे वसूल झाले. शिकवणाऱ्या बाई डोळे आणि तळं एवढंच घेतात. डोळे तळ्यासारखे शांत, ही उपमा. डोळे म्हणजे जणू तळीच, ही उत्प्रेक्षा. 'नेत्रसरोवर' म्हटलं की रूपक. हे डोळे नव्हेतच, ही तळी आहेत, ही अपन्हुती. तळ्याहूनही खोल डोळे, हा व्यतिरेक. आणि तिचे डोळे तिच्याच डोळ्यांसारखे, हा अनन्वय. उपमेत दोघं शेजारी उभी असतात, उत्प्रेक्षेत एकाच्या जागी दुसरं भासू लागतं, रूपकात ती एकरूप होतात आणि अपन्हुतीत तर उपमेयालाच, म्हणजे ज्याचं वर्णन चाललंय त्या डोळ्यांनाच, नाकारलं जातं. इतकी वर्षं मी हे पाठ केलं होतं, कळलं आत्ता.

त्याच रात्री जुनी कथा काढली. 'दुःख दगडासारखं जड झालं होतं' हे खोडून 'छातीवरचा दगड हलेना' एवढंच ठेवलं. दुःख हा शब्दच गेला. उपमानानं, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतो त्या दगडानं, उपमेय असं गिळून टाकलं की ती रूपकातिशयोक्ती, हे पुढे सातव्या पाठात कळलं.

शब्दशक्तींवरचा, म्हणजे शब्दातून अर्थ कसकसा निघतो यावरचा, पाठही मन लावून केलाय. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथातलं 'सूर्य मावळला' हे वाक्य घेऊन व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, उलगडली आहे : गुराख्याला ते गुरं वळवायला सांगतं, वाट पाहणाऱ्या प्रेयसीला काही वेगळंच.

श्लेष मात्र यमक-अनुप्रासाबरोबर घाईत उरकलाय. एकाच शब्दातून दोन अर्थ कसे चालतात, ते सावकाश ऐकायचं होतं. सरावाच्या प्रश्नांवर माझा खरा राग आहे. 'पाऊस थांबला आणि घर जणू रुसून बसलं', याला मी चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवासारखं वागायला लावणं) म्हटलं तर चूक. उत्तर फक्त उत्प्रेक्षा, कारण 'जणू' आहे. रुसणारं घर सजीव झालंय, त्याचं काय? एका ओळीत दोन अलंकार सुखानं नांदतात, आणि हे त्याच बाईंनी पाचव्या पाठात सांगितलंय.

परीक्षेसाठी घेणाऱ्यांनी ते प्रश्न डोळे झाकून मानू नयेत. लिहिणाऱ्यांनी पाठमाला जरूर घ्यावी. पाचपैकी चार तारे.