ताशी शंभर मैलांवर सात महिने : सिम्युलेटरवरचं एच.पी. ४२

ऑगस्टमध्ये हे विमान सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळात, घातलं. आता मार्च संपत आलाय आणि लॉगबुकात एकशे चाळीस तास जमलेत. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या तक्रारी लिहिल्या असत्या, म्हणून मुद्दाम थांबलो.

विमान म्हणजे हँडली पेज एच.पी. ४२, इंपीरियल एअरवेज या जुन्या ब्रिटिश विमानकंपनीचं चार इंजिनांचं दुपंखी प्रवासी विमान. एका हौशी माणसाने बरीच वर्षं खपून त्याचं मॉडेल बनवलं आणि फुकट वाटलं. खरी विमानं एकूण आठच बांधली गेली. हॅनिबल, हॉर्सा, हॅनो आणि हेड्रियन ही चार पूर्वेकडच्या मार्गासाठी. हेराक्लिस, होरेशियस, हेंगिस्ट आणि हेलेना ही चार युरोपसाठी. पहिलं उड्डाण १४ नोव्हेंबर १९३० रोजी इंग्लंडमध्ये रॅडलेटला झालं. दहा-अकरा वर्षांत आठही संपली. कुणी वादळात मोडलं, कुणी जळालं, एक भंगारात गेलं. आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात यातलं एकही उभं नाही. ज्याला हे विमान आतून बघायचंय त्याला असल्या मॉडेलचाच आधार.

मला ते का बघायचं होतं, हे आधी सांगतो. आजीचं लहानपण कराचीत गेलं. पणजोबा तिथे बंदरावर कारकून होते. १९३६ साली सिंध वेगळा होईपर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती आणि तिथे मराठी घरं बरीच होती. नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा तर अजून चालू आहे. आजी सांगायची, "चार पंख्यांचं दुमजली विमान यायचं रे. आवाज आला की गच्चीत धावायचं. जिना चढून वर जाईपर्यंत ते तिथेच असायचं." आम्ही हसायचो. दुमजली विमान कुठे असतं का? आजी गेल्यावर काही वर्षांनी एच.पी. ४२ चा फोटो पहिल्यांदा पाहिला. पंखांचे दोन मजले, खालच्या पंखावर दोन इंजिनं, वरच्या पंखावर मधोमध दोन. आजी अक्षरशः जे दिसलं तेच सांगत होती. त्या दिवसापासून हे विमान डोक्यात बसलंय.

आता मॉडेलकडे वळतो. बाहेरून ते अप्रतिम आहे. खऱ्या विमानाच्या पुढच्या भागाला पन्हळी पत्रा होता आणि मागचा भाग कापडाने मढवलेला. कोवळ्या उन्हात पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीवर वेगळी सावली पडते आणि कापडाखालच्या फासळ्या किंचित वर आलेल्या दिसतात. दोन पंखांच्या मधल्या तिरक्या दांड्या, शेपटीवरची तीन उभी सुकाणं, सगळं जागच्या जागी आहे. जमिनीवर चालताना कॉकपिटच्या टपावर छोटा झेंडा फडफडतो, टेकऑफपूर्वी तो आत घ्यावा लागतो. मी पहिले चार-पाच वेळा विसरलो.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. पंखांचा विस्तार जवळजवळ ४० मीटर, म्हणजे आपण रोज बघतो त्या बोइंग ७३७-८०० पेक्षाही जास्त. पण टेकऑफचं वजन साधारण साडेबारा टन, आणि ७३७ चं ७९ टन. एवढ्या मोठ्या पंखांवर एवढंसं वजन टाकलं की ते विमान जमिनीवर उतरायलाच मागत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास ते अलगद टेकतं. आपल्या एस.टी.चा वेग झाला हा.

अर्थात ते ‘अलगद’ जमायला मला दीड महिना लागला. कॉकपिट नाकात उंचावर असल्यामुळे चाकं नेमकी कुठे आहेत याचा अंदाजच येत नाही. मी सुरुवातीला दहा फुटांवरच विमान सोडून द्यायचो आणि ते धप्पकन बसायचं. वारा बाजूने असला की वरचा पंख शिडासारखा वागतो. रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणांच्या पेडलवर, पाय देऊन वाट बघावी लागते, विमान सावकाश ऐकतं, आणि तोवर आपण जास्तीचा पाय दिलेला असतो. अगदी कमी वेगातही विमानाचा तोल राहावा म्हणून वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला हँडली पेज कंपनीच्याच पद्धतीच्या फटी आहेत. मॉडेलमध्ये त्या वेग उतरला की आपोआप उघडतात. हे ज्या दिवशी बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं त्या दिवशी बनवणाऱ्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

क्रॉयडन, म्हणजे लंडनचा तेव्हाचा विमानतळ, ते पॅरिस सगळेच उडवतात, मीही उडवलं. वाटेत वाऱ्याने त्रास दिला नाही तर सव्वादोन तासांत पॅरिसचा ल बूर्जे विमानतळ येतो. पश्चिमेच्या विमानांत ३८ माणसं बसायची, गाद्यांच्या खुर्च्यांत, टेबलावर जेवण वाढलं जायचं. प्रवाशांची केबिन दोन भागांत विभागलेली, एक पंखांच्या पुढे आणि एक मागे. मधल्या जागेत, जिथे इंजिनांचा गोंगाट सर्वांत जास्त, तिथे सामान आणि स्वयंपाकाची जागा ठेवली होती. एवढा साधा विचार, पण त्याच्या आधीच्या विमानांतल्या प्रवाशांचे कान दिवसभर बधिर व्हायचे, त्यांना याची किंमत कळली असणार.

माझा जीव खरा रमला तो कैरो ते कराची मार्गात. मी अकरा वर्षं शारजात राहतो. रोज ज्या किंग अब्दुल अझीझ रस्त्यावरून गाडी नेतो ती जुन्या विमानतळाची धावपट्टी होती. रस्त्याच्या कडेला ‘अल महत्ता’ आहे. म्हणजे तो जुना विमानतळ आणि त्याचा विसाव्याचा किल्ला, आता संग्रहालय झालेला. १९३२ मध्ये इराणच्या किनाऱ्यावरून जायची परवानगी संपली तेव्हा इंपीरियल एअरवेजने मार्ग अरबी बाजूला आणला, शारजाच्या शेखांशी करार केला, आणि ५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘हॅनो’ इथे उतरलं. प्रवासी रात्री किल्ल्यात झोपायचे आणि पहाटे पुढे निघायचे. म्हणून मी मॉडेलमध्ये कायम हॅनोचेच रंग लावतो.

हा मार्ग मी टप्प्याटप्प्याने, खऱ्या वेळात केला. कैरो, गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, कुवेत, बहारीन, शारजा, ग्वादर, कराची. सिम्युलेटरमध्ये वेळ चौपट-आठपट पळवायची सोय असते आणि लांबच्या उड्डाणात मी ती नेहमी वापरायचो. या विमानात पहिल्या महिन्यानंतर तिला हात लावला नाही. तीन-चार हजार फुटांवरून ताशी शंभर मैलांनी जाताना खालचं सगळं दिसतं. ओढ्याची कोरडी पात्रं, कुणाच्या तरी शेतातला चौकोन, एकटी पायवाट. जेट विमानात तीच जागा चार मिनिटांत मागे पडते. इथे डोंगर समोर दिसायला लागला की अर्धा तास समोरच असतो, आणि त्या अर्ध्या तासात त्याची प्रत्येक घडी ओळखीची होते.

गाझा ते रुतबा हा टप्पा सर्वांत अवघड. सीरियाच्या वाळवंटात खूण म्हणून काही नाही. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपालासाठी वाळवंटात मोटारी फिरवून, काही ठिकाणी नांगर चालवून एक रेघ ओढली होती. वैमानिक ती रेघ धरून शेकडो मैल उडायचे. सिम्युलेटरच्या आजच्या नकाशात ती रेघ अर्थातच नाही. मी जीपीएस बंद ठेवलं, होकायंत्र आणि घड्याळ एवढंच घेतलं, आणि दोनदा चुकलो. तिसऱ्या वेळी बगदादकडे जाणारा आताचा महामार्ग सापडला आणि तो धरून रुतब्याला पोहोचलो. चढ्या उन्हात हवा उसळते आणि हे विमान त्या प्रत्येक उसळीबरोबर चार तास वरखाली होत राहतं. खरे प्रवासी या टप्प्यात आजारी पडायचे, ते वाचून माहीत होतं. उडवल्यावर का ते समजलं.

आता दोष. पहिला, आवाज. चार ब्रिस्टल ज्युपिटर इंजिनं, प्रत्येकी नऊ सिलिंडर, असा तो भरदार घुमणारा आवाज सुरुवातीला अंगावर काटा आणतो. पण ध्वनिफीत छोटी आहे आणि दर अकरा-बारा सेकंदांनी एक हलकी उचकी लागते. तासाभरानंतर दुसरं काही ऐकूच येत नाही. मी आता हेडफोन काढून लांबच्या स्पीकरवर ऐकतो, तेव्हा ती उचकी बुजते.

दुसरा, वजन आणि इंधनाचं पान. तिथे टाक्या भरल्या तरी गॅलनचा आकडा कधी कधी जुनाच राहतो. बहारीनहून निघून शारजाला येताना समुद्रावर चारही इंजिनं एकामागून एक बंद पडली आणि मला विमान कतारच्या किनाऱ्यावर रेतीत उतरवावं लागलं. साडेतीन तासांचं उड्डाण वाया गेलं, त्या रात्री फार वैतागलो होतो. आता निघण्याआधी कॉकपिटातल्या मापकावर नजर टाकतो, पानावर विसंबत नाही.

तिसरा दोष दुरुस्त झालाय, तरी सांगतो. हॅनोच्या मागच्या केबिनमध्ये वीस खुर्च्या दाखवल्या होत्या. ती रचना पश्चिमेच्या विमानांची. पूर्वेच्या विमानांत टपालासाठी जागा लागायची, त्यामुळे सुरुवातीला पुढे सहा आणि मागे बारा एवढीच माणसं बसत. मी बनवणाऱ्याला कळवलं. तीन आठवड्यांत उत्तर आलं, डिसेंबरच्या अपडेटमध्ये खुर्च्या बारा झाल्या आणि पुढच्या भागात टपालाच्या गोण्या आल्या. फुकट दिलेल्या कामासाठी एवढं कोण करतं?

जुन्या संगणकावर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. दांड्या आणि पन्हळ्यांमुळे मॉडेल जड आहे. माझ्याकडे मोठ्या शहरांवर चित्र अडखळतं, वाळवंटात आणि समुद्रावर अजिबात नाही.

शारजाहून पूर्वेला निघालं की अर्ध्या तासात हजर पर्वत येतो. भरलेलं विमान उन्हाळ्यात इतकं सावकाश चढतं की मी किनाऱ्यावर दोन मोठ्या फेऱ्या मारून उंची घेतो आणि मगच डोंगरांकडे वळतो. पलीकडे ओमानचं आखात. ग्वादरपर्यंत साधारण ७०० किलोमीटर, सव्वाचार-साडेचार तास. ग्वादर तेव्हा ओमानच्या सुलतानाकडे होतं. तिथून मकरानचा किनारा डाव्या हाताला ठेवला की तीन तासांत कराची. मी तिथे पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. तिथल्या ड्रिघ रोड विमानतळावर उतरण्याआधी शहरावरून एक फेरी मारली. आजीचं घर कुठल्या गल्लीत होतं ते आम्हा कुणालाच माहीत नाही. हजार फुटांवर, थ्रॉटल मागे घेऊन, जमेल तितकं हळू गेलो. घड्याळ लावून बघितलं; बंदराच्या टोकापासून शहर ओलांडायला सहा मिनिटं लागली. सहा मिनिटांत लहान मुलगी कितीही मजले चढून गच्चीत पोहोचते.

याच कराचीत ३१ मे १९३७ रोजी हँगरला लागलेल्या आगीत हेंगिस्ट जळालं; युरोपसाठी बांधलेलं ते विमान नंतर पूर्वेच्या मार्गावर आणलं होतं. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

इंपीरियल एअरवेजच्या शांततेच्या काळातल्या सेवेत या आठ विमानांत एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. त्या काळात विमानप्रवास म्हणजे घरी निरोप घेऊन निघायची गोष्ट होती, हे लक्षात घेतलं तर हे केवढं मोठं आहे. गालबोट लागलं ते युद्ध सुरू झाल्यावर. १ मार्च १९४० रोजी हॅनिबल आखातापलीकडच्या जास्कहून शारजाकडे निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आठ माणसं होती. त्यांत मद्रासचे सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते, लंडनला भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून रुजू व्हायला निघालेले. विमानाचा अवशेष कधीच सापडला नाही.

या १ मार्चला मी हॅनिबलचे रंग लावून जास्कहून निघालो. अंतर फार नाही, अडीचशे किलोमीटरच्या आत. दीड तासाचं काम. त्या दिवशीची खरी हवा घेतली होती, थोडं धुकट, वारा समोरून. पाणी आणि आकाश यांची रेघ पुसली गेली होती आणि मी सगळा वेळ होकायंत्रावर डोळे ठेवून होतो. मुसंदमचे डोंगर उजवीकडे काळसर दिसले तेव्हा खांदे सैल झाले. किनारा ओलांडला, शहराचे दिवे लागत होते. किंग अब्दुल अझीझ रस्ता उंच इमारतींमध्ये सरळ रेघेसारखा दिसला. सिम्युलेटरमध्ये तो रस्ताच आहे, त्यावर गाड्या धावतात. एकदा त्यावरून खाली येऊन गेलो आणि आताच्या शारजा विमानतळावर उतरलो. एक तास बेचाळीस मिनिटं. लॉगबुकात नोंद केली, इंजिनं एकेक करून बंद केली. वरची दोन शेवटी.