‘बोलणं तर स्पष्ट आहे’ म्हणून परत पाठवलेल्यांसाठी: इंदूरच्या पलासियातली स्पीच थेरपी

माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना नाना म्हणतो, पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात-पाय लुळा पडला, बोलणं शाबूत राहिलं. आधी एका ठिकाणी तपासणी झाली, तीही हिंदीतून. वस्तूंची नावं सांगा, आठवड्याचे वार म्हणा, मी बोलतो ते परत बोला. सगळं बरोबर. ‘स्पीच नॉर्मल है’ असं लिहून कागद हातात ठेवला.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. ‘नाना, पानं वाढलीत, पोळी निवतेय’ म्हटलं की ‘हो, निवतेय’ म्हणायचे आणि खुर्चीतून हलायचे नाहीत. थट्टा केली तर रागवायचे. सासूबाईंना वाटायचं, हे मुद्दाम करतात. त्या दोघांचं बोलणंच तुटत चाललं होतं.

शेवटी फिजिओथेरपीवाल्या ताईंनी हे केंद्र सुचवलं. इथल्या मॅडम हिंदीभाषक आहेत, मराठी जेमतेम समजते. तरी पहिल्या भेटीत त्यांनी सासूबाईंना समोर बसवलं आणि घरात रोज बोलता ते वाक्प्रचार लिहून द्या म्हणाल्या. रामबागेतल्या घरात चाळीस-पन्नास वर्षं बोललेली मराठी. सासूबाईंनी वहीची पानं भरली. पुढच्या वेळी मॅडमनी त्यावरून हाताने चित्रं काढून आणली होती.

‘हात आखडता घेणे.’ एका कार्डावर कोपरात हात दुमडलेला माणूस, दुसऱ्यावर पाकिटातून एकच नोट काढून बाकीच्या परत आत सारणारा. नानांनी दुमडलेल्या हातावर बोट ठेवलं. मॅडमनी लगेच विचारलं, ‘इसका मतलब?’ ‘खर्च कमी करणे,’ नाना झटकन म्हणाले. अर्थ पाठ होता, बोट मात्र हातावरच. सासूबाई ते बघत होत्या. माणूस मुद्दाम करत नाही, हे त्यांना तिथे पटलं. माझ्या लेखी या केंद्राची फी त्याच दिवशी वसूल झाली.

मॅडमनी घाई न करता समजावलं. १९७७ साली एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर या अमेरिकी संशोधकांनी असाच चित्रांचा प्रयोग केला होता. ‘जड अंतःकरण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांसाठी उजव्या मेंदूला इजा झालेले रुग्ण पुष्कळदा भलंमोठं हृदय वाहून नेणारा माणूस निवडत, आणि तोंडी विचारलं तर अर्थ बरोबर सांगत. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेकांत शब्द आणि व्याकरण मुख्यतः डावा मेंदू सांभाळतो. बोलण्याचा रोख, टोमणा, आडून केलेली विनंती यांत उजव्याचा मोठा वाटा असतो. म्हणूनच वस्तूंची नावं विचारून नानांचा त्रास सापडला नव्हता.

आणखी एक प्रयोग त्यांनी सांगितला, डेव्हिड स्विनी यांचा, १९७९ चा. दुहेरी अर्थाचा शब्द कानावर पडला की संदर्भ कितीही स्पष्ट असो, धडधाकट माणसाच्या मनातही दोन्ही अर्थ क्षणभर जागे होतात आणि जरा पुढे गेल्यावर लागू तेवढाच उरतो. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही.

नानांचे व्यायाम या निवडीवरच आहेत. ‘जमिनीवरून उठताना आजीने हात टेकले.’ ‘सगळे उपाय करून शेवटी मिस्त्रीनेही हात टेकले.’ शब्द तेच. नानांनी आधी वाक्यातला प्रसंग सांगायचा, मग चित्र निवडायचं. कधी मॅडम वाक्य ‘हात’पाशीच तोडतात: ‘जेवण झाल्यावर त्याने हात...’ पुढचं क्रियापद नानांनी भरायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हात धुतले, जोडले की वर केले, हे कळायला कान शेवटापर्यंत उघडा ठेवावा लागतो. नानांना ही कार्डं आवडतात. वीज मंडळातल्या नोकरीतले किस्से त्यातून निघतात.

फरक पडला का? ‘पोळी निवतेय’ म्हटल्यावर आता उठतात. टोमणे अजून निसटतात, आणि दमले की सगळंच मागे जातं. पूर्ण बरे होतील असं वचन मॅडमनी दिलं नाही, हे मला आवडलं.

उणिवा आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही; लुळ्या पायाच्या माणसाला तो जिना चढवणं म्हणजे दोघांचं काम. पक्षाघाताचे रुग्ण जिथे येतात तिथे हे चालायला नको. संध्याकाळी ताटकळावं लागतं. छापील साहित्य सगळं हिंदी-इंग्रजी, मराठी कार्डं घरच्यांच्या मदतीनेच बनतात.

कुठेही जा, थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना ते विचारा. इथे येणार असाल तर सकाळची वेळ मागा, आणि रुग्ण कोणत्या वाक्यावर गोंधळतो ते त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहून आणा.